खलनायिकेचा दुसरा शेवट

मराठी अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) सुरू होते, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातली. या परंपरेचा नीतिन्याय ठरलेला आहे : सुशीलेला सुख, कपटी स्त्रीला शासन. खलनायिकेला स्वतःचे सुख असू शकते, ही कल्पनाच तीत संभवत नाही.

या न्यायाला पहिला हरकतीचा सूर कादंबरीने नव्हे, समीक्षेने लावला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. त्या निमित्ताने ताराबाई शिंदे यांनी लिहिलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलने’त (१८८२) या दोन्ही कादंबऱ्यांचाही समाचार घेतलेला आहे. दुर्वर्तनी ठरलेली स्त्री स्वभावाने तशी नसते. विजोड विवाह, लादलेले वैधव्य आणि पुरुषाचा विश्वासघात तिला तसे घडवतात, ही त्यांची भूमिका. म्हणूनच त्यांची पुनर्विवाहाची मागणी केवळ सामाजिक सुधारणेची राहत नाही. तो खलनायिकेच्या कथेला सुचविलेला दुसरा शेवटही ठरतो.

स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत कादंबरीच्या इतिहासाने त्याची दखल घेतली नव्हती. खलनायिकेला स्वातंत्र्य व सुख देणाऱ्या आजच्या अद्भुतकथांची पूर्वपीठिका मराठीत शोधायची, तर ती कादंबऱ्यांत नव्हे, या वाचनात सापडते.