ट्रकची दोन धुराडी आणि ६,००० पौंडांची पळवाट

(१/१२)
१९७८ साली अमेरिकेत डॉज कंपनीचा एक लाल पिकअप ट्रक विक्रीस आला. नाव 'लिल रेड एक्सप्रेस'. केबिनच्या मागे, दोन्ही बाजूंना, क्रोमचा मुलामा दिलेली दोन उभी धुराडी. 'कार अँड ड्रायव्हर' या नियतकालिकाच्या चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठण्यात या ट्रकने अमेरिकी बनावटीच्या स्पोर्ट्स कारनाही मागे टाकले. एका मालवाहू वाहनाला हे कसे साधले? त्याचे उत्तर इंजिनात आहे, तितकेच कायद्यातही आहे.

(२/१२)
आरंभ इंजिनापासून. व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत बसवलेले असतात. खर्च वाचवण्यासाठी कारखाने दोन्ही रांगांचा धूर एकाच नळीत आणत व एकाच सायलेन्सरमधून मागे सोडत. नळी अपुरी पडली की वायू तुंबतो आणि तो बाहेर ढकलण्यात इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. प्रत्येक रांगेला स्वतंत्र नळी व स्वतंत्र सायलेन्सर दिल्यास हा अडथळा कमी होतो. हीच 'ड्युअल एक्झॉस्ट' रचना.

(३/१२)
ज्याला आपल्याकडे ब्रिटिश वळणाने 'सायलेन्सर' म्हणतात, तो अमेरिकेत 'मफलर'. इंडियाना राज्यातील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंना १८९७ मध्ये इंजिनाच्या मफलरचे पेटंट मिळाले. मफलरच्या पोटातील कप्पे व पडदे आवाज अडवतात. पण त्यांतून वाट काढताना वायूही अडखळतो. शांतता आणि शक्ती यांतील हा झगडा तेव्हापासून चालत आला आहे.

(४/१२)
१९३२ पर्यंत व्ही-८ हे प्रामुख्याने महागड्या मोटारींचे इंजिन होते. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ सामान्यांच्या मोटारीत बसवले. त्यात एक दोष होता. धुराचे मार्ग इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यातूनच बाहेर काढलेले होते आणि प्रत्येक रांगेतील मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच दार होते. साहजिकच इंजिन लवकर तापे. धूर मोकळा करणे ही म्हणूनच हौशी मेकॅनिकांची पहिली दुरुस्ती ठरली.

(५/१२)
या हौसेचे माहेरघर म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या पलीकडील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण आपल्या मोटारी पळवत. १९३७ मध्ये वेगाच्या नोंदी ठेवणारी 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन झाली. महायुद्धानंतर यंत्रविद्या शिकलेले सैनिक घरी परतले आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' हे मासिक निघाले. याच वर्तुळात 'ग्लासपॅक' मफलर लोकप्रिय झाला: छिद्रे पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवुल.

(६/१२)
दोन नळ्यांचा नाद वेगळा का? बहुतेक अमेरिकी व्ही-८ इंजिनांत एकाच रांगेतील स्फोट समान अंतराने होत नाहीत. नळ्या पूर्ण स्वतंत्र ठेवल्या की तो असमान ठोका खर्जातल्या गुरगुरीसारखा ऐकू येतो. इंग्रजी 'एच' अक्षराप्रमाणे मध्ये आडवी जोडनळी टाकल्यास दोन्हीकडचा दाब समतोल होतो व आवाज सौम्य होतो.

(७/१२)
ट्रकच्या बाबतीत ही निवड अधिक अवघड असे. पिकअप लांब, नळ्यांना चासी, इंधनाची टाकी व मागील आस चुकवत जावे लागते. शिवाय फार रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. ओझे वाहणाऱ्या गाडीला नेमकी तीच ओढ हवी असते. म्हणून नळीचा व्यास, मफलरचा प्रकार, जोडनळी आणि धुराचे तोंड या चारही गोष्टी गाडीच्या कामानुसार ठरवाव्या लागत.

(८/१२)
याच शहराचा दुसरा इतिहास हवेत लिहिला जात होता. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे धुरके पसरले; शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलटेकमधील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, वाहनांच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. ज्या नळ्यांचा नाद तरुणांना मोहवत होता, त्यांतूनच हे धुरके निपजत होते.

(९/१२)
१९७० च्या 'क्लीन एअर ॲक्ट'ने मोटारींचे प्रदूषण मोठ्या प्रमाणावर घटवण्याचे बंधन घातले. १९७५ च्या बहुतेक नव्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू लागत. दोन नळ्यांना दोन कन्व्हर्टर देणे महाग. १९७५ च्या कॉर्व्हेटमध्ये दोन्ही नळ्या एका कन्व्हर्टरमध्ये एकत्र आणून पुढे पुन्हा विभागल्या गेल्या. बाहेरून जोडी दिसे. आत मार्ग एकच होता.

(१०/१२)
ट्रकांसाठी मात्र रेषा वजनाची होती. वाहन अधिक कमाल भार मिळून ६,००० पौंडांहून जास्त क्षमतेच्या ट्रकला कन्व्हर्टरची सक्ती नव्हती, कारण ती शेतकरी व व्यावसायिकांची कामाची वाहने मानली जात. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१५० याच रेषेच्या वर आणला. डॉजचा लाल ट्रकही तसाच रेषेपलीकडचा. कन्व्हर्टर नाही, ५.९ लिटरचे इंजिन, २२५ अश्वशक्ती. १९७८ च्या कॉर्व्हेटचे अधिक ताकदीचे पर्यायी इंजिन २२० चे होते.

(११/१२)
१९७८ मध्ये असे २,१८८ ट्रक बनले. कडक नियमांच्या कॅलिफोर्नियात मात्र तो विकता आला नाही. ज्या भूमीत ही हौस जन्मली, तिथेच त्याला दार बंद होते. पुढच्याच वर्षी ही मर्यादा ८,५०० पौंडांवर गेली आणि १९७९ च्या ट्रकला कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल स्वीकारावे लागले. धुराडी तशीच राहिली आणि ५,११८ ट्रक तयार झाले. शौकिनांच्या आठवणीत हा ट्रक नियमांवरचा विजय म्हणून उरला आहे. पण ती सवलत कामाच्या गाड्यांसाठी होती आणि तिची किंमत श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने मोजली.

(१२/१२)
पुढे प्रत्येक रांगेला स्वतंत्र कन्व्हर्टर देणाऱ्या रचना रूढ झाल्या आणि दोन नळ्या कायद्याच्या चौकटीत परतल्या. आज अमेरिकेत ट्रकला ड्युअल एक्झॉस्ट बसवणारा मफलर व नळ्या आवडीच्या निवडू शकतो. कन्व्हर्टर काढून टाकणे मात्र बेकायदा आहे. पुण्यात किंवा नागपुरात पोलीस बुलेटचे बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, तेव्हा वाद याच जातीचा असतो: गाडी मालकाची, पण तिचा आवाज आणि धूर साऱ्या रस्त्याचा.