'निवेदन' आणि सेवाग्राम : आत्मकथनाबाहेर राहिलेला शेवट

वर्धा जिल्ह्याचा वाङ्मयीन इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी साहजिकच पवनार आणि सेवाग्राम या दोन आश्रमांकडे वळते आणि 'गीताई', राष्ट्रभाषा प्रचार समिती, नई तालीम अशा ठरलेल्या मुक्कामांवरून फिरून परत येते. या फेरीत एक नाव सहसा सुटते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंद कोसंबी यांनी देह ठेवला. त्यापूर्वी सुमारे महिनाभर त्यांनी अन्न वर्ज्य केले होते. आदल्याच दिवशी, ३ जूनला, दिल्लीत फाळणीची योजना जाहीर झाली होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला घाईने अर्थ चिकटवू नये. तथापि 'देह ठेवला' हा वर वापरलेला शब्दप्रयोगच अडचण दाखवून देतो. मराठीत हा वाक्प्रचार संतांसाठी राखीव आहे, आणि सेवाग्रामचा हा शेवट ठाऊक असलेला वाचक १९२४ साली पुस्तकरूपाने आलेले 'निवेदन' नकळत शेवटाकडून आरंभाकडे वाचू लागतो. मग गृहत्याग हा पूर्वसंकेत ठरतो, हाल ही साधना ठरते, आणि एका वसाहतीतून निघालेल्या तरुणाची धडपड चरित्रकथेच्या ओळखीच्या साच्यात जाऊन बसते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या वाचनाला आहे.

कोसंबींचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातील सांखवाळचा. हे गाव पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीतले. येथील लक्ष्मीनृसिंहाला सोळाव्या शतकातच वेलिंगला स्थलांतर करावे लागले होते. ज्या गावचा देवही परागंदा झालेला, तेथे 'मूळ' आणि 'घर' हे शब्द उर्वरित महाराष्ट्रातल्याइतके सरळ राहत नाहीत. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, घरची कोंकणी, आणि वाचनाची मराठी, तीही सीमेपलीकडून, ब्रिटिश मुलखातल्या छापखान्यांतून येणारी. 'बालबोध' मासिकातल्या एका लेखातून बुद्ध त्यांना प्रथम भेटला. ही घटना चरित्रकार भक्तिभावाने सांगतात; समीक्षकाने ती जरा वेगळ्या नजरेने पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत अवतरलेला बुद्ध कोणत्याही अखंड स्थानिक परंपरेने आणलेला नव्हता. युरोपीय पौर्वात्यविद्येचे ग्रंथ, पुरातत्त्व खात्याची उत्खनने, एडविन आर्नल्डचे १८७९चे काव्य आणि त्यांवरून स्फुरलेले देशी लेखन (कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे बुद्धचरित्र १८९८चे) या वाटेने तो आला. तेव्हा कोसंबींची जी अस्मिता पुढे अस्सल भारतीय म्हणून गौरवली गेली, तिचे बीज वसाहतकालीन ज्ञानव्यवहारात आहे. देशीवादाच्या चर्चेत आपण 'देशी' आणि 'परकीय' यांची जी टोकदार विभागणी करतो, तिच्यात हे उदाहरण बसत नाही. ते न बसणेच मोलाचे आहे.

प्रवासवर्णनाच्या परंपरेत 'निवेदन' कोठे ठेवायचे? विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १८८३च्या सुमारास लिहिला गेला आणि १९०७ साली छापून आला. त्यातला भट दक्षिणेसाठी वरसईहून निघतो, सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, आणि गंगेची कावड घेऊन घरी परततो. घर हा तेथे प्रवासाचा ठरलेला शेवट आहे. जग उलटेपालटे झाले तरी वर्णधर्माचा नकाशा शाबूत असतो. दुसऱ्या टोकाला बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) आहे. तेथे प्रवास मुख्यतः मनाचा, आणि त्याची अखेर धर्मांतरात. या दोहोंमध्ये रेल्वे आली. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावकडे जाताना गाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, ही हकिगत 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना परिचित आहे. अनोळखी माणसे शेजारी बसवणारा हा डबा एकोणिसाव्या शतकाच्या धर्मविचारात, प्रस्तुत लेखकाच्या मते, पुरेसा मोजला गेलेला नाही.

कोसंबींनी १८९९च्या अखेरीस घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश हा पुढल्या काही वर्षांतला त्यांचा मार्ग नकाशावर काढला, तर जवळजवळ सर्वत्र तो साम्राज्याने घातलेल्या रुळांवरून आणि आगबोटींच्या वाटांनी जातो. मात्र या मार्गावर ते ज्ञानासाठी ज्यांच्या पायाशी बसले, ते साम्राज्याचे अधिकारी नव्हते. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पालि. गौड सारस्वत म्हणून ज्याच्या ब्राह्मण्याविषयी इतर ब्राह्मणांनीच शंका घ्यावी, अशा माणसाला श्रामणेर होण्यात जातिबंधनातून सुटकाही होती.

या प्रवासाचा एक पैलू मात्र फारसा चर्चिला गेलेला नाही : तो लिप्यांचा प्रवास आहे. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत वाचायची, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, युरोप-अमेरिकेत रोमन लिपीत. भारतात जन्मलेली भाषा शिकण्यासाठी भारतीयाने दोन परक्या लिप्या गिरवाव्यात आणि तिसरीत ती संपादित करण्यासाठी १९१०मध्ये हार्वर्डला जावे, यातला विपर्यास कोसंबींना चांगलाच जाणवत होता. त्या आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, अट इतकीच की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्याची प्राध्यापकी सोडून त्यांनी हे स्वीकारले. पालि ज्ञान मराठीत आणि नागरीत आणणे हा त्यांचा खरा प्रकल्प होता. हार्वर्ड हे त्या प्रकल्पातले आवश्यक पण अवघड वळण. तेथे हेन्री क्लार्क वॉरन यांनी अपुरे ठेवलेले 'विसुद्धिमग्ग'चे संपादन त्यांनी हाती घेतले, आणि श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा बेबनाव झाला. १९१२ साली ते परतले.

'निवेदन' लिहायला घेतले ते याच वर्षी, गोव्याच्या 'भारत' पत्रात क्रमशः, आणि हा संदर्भ मला कळीचा वाटतो. १९१०मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना, शतकांच्या निर्बंधांनंतर, समान नागरिकत्व मिळाले. 'भारत'सारखी पत्रे या मोकळ्या हवेत निघाली. म्हणजे कोसंबी ज्या वाचकांपुढे आपली कहाणी मांडत होते, ते नुकतेच नागरिक झालेले त्यांचे देशबांधव होते. शीर्षकाचा शब्द पुन्हा ऐकावा. 'निवेदन' म्हणजे वृत्तान्त, पण सरकारदरबारी वा सभेपुढे सादर करतात तेही निवेदनच. त्यात जबाब देण्याची छटा आहे. कोणाला जबाब? घरी पत्नी आणि तान्ही मुलगी टाकून गेलेला माणूस परत येऊन आपल्याच गावच्या लोकांना सांगतो आहे की मी कोठे होतो. या कथनातल्या निरलंकार, तपशिलाला चिकटून राहणाऱ्या शैलीला आपण 'साधी' म्हणून सोडून देतो. वस्तुतः ती साक्षीदाराची शैली आहे. बाळाबाईंची बाजू मात्र या साक्षीत क्वचितच ऐकू येते, आणि निवेदकाची सचोटी मान्य करूनही ही उणीव नोंदवली पाहिजे.

गृहत्यागाचा हा प्रश्न त्यांनी पुढेही सोडला नाही. १९४०-४१च्या 'भगवान बुद्ध'मध्ये ते वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दर्शनांची कथा नाकारतात आणि 'सुत्तनिपाता'तील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे वेगळे कारण देतात : शस्त्र धारण करून एकमेकांशी झुंजणाऱ्या समाजाची भीती. 'बोधिसत्त्व' नाटकात याच दिशेने शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्यावरचा तंटा येतो. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाला रोहिणीच्याच वादाची पार्श्वभूमी आहे, हे सर्वज्ञात आहे. 'निवेदना'त घर सोडण्यामागे खासगी उद्वेग होता. वीस-पंचवीस वर्षांनी, मधल्या काळात लेनिनग्राड आणि मिठाचा सत्याग्रह पाहून झाल्यावर, तोच प्रसंग बुद्धाच्या निमित्ताने राजकीय होऊन परत लिहिला गेला. आत्मकथनाचे पुनर्लेखन चरित्रग्रंथात झाले, असे म्हणता येईल काय? मला तसे म्हणावेसे वाटते.

आता वर्धा. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा इंग्रजांच्या लेखी कापसाचा जिल्हा होता. हिंगणघाटच्या कापसाला विलायतेच्या बाजारात स्वतःचे नाव होते. रेल्वे आली ती या मालासाठी. त्याच रुळांवरून जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी आले आणि १९३६मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहू लागले. कापूस बाहेर नेणाऱ्या वाटेने चरखा आत यावा, हे इतिहासाचे खट्याळपण.

येथे येऊन कोसंबींनी जो मार्ग पत्करला तो गांधींच्या उपोषणाशी मिळताजुळता नव्हता. त्यांना कोणाकडून काही करवून घ्यायचे नव्हते. देह थकला आहे, त्याचा भार इतरांवर नको, एवढाच विचार. परंपरेत शोधले तर हे जैनांच्या सल्लेखनेच्या जवळ जाते. आणि येथे एक तिढा आहे. महावीरांच्या मांसाहाराविषयीच्या त्यांच्या विधानांनी जैन समाज दुखावला होता, आणि वादही झाले होते. तरी पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयीचा त्यांचा मराठी ग्रंथ त्यांच्यामागे, १९४९ साली, प्रसिद्ध झाला. बौद्ध पंडित, गांधींचा आश्रम, जैन पद्धतीचा शेवट : यांपैकी एकच लेबल उचलणाऱ्याला हा माणूस हाती लागणार नाही. विनोबांशी तुलना मोहात पाडते. तेही १९१६मध्ये घर सोडून काशीला गेले, आणि १९८२ साली जवळच्याच पवनारला त्यांनीही अन्न-औषध सोडून देह ठेवला. परंतु विनोबांच्या भोवती तेव्हा देशाचे लक्ष होते. कोसंबी गेले तेव्हा खुद्द गांधीजी दिल्लीत होते. तेथल्या प्रार्थनासभेत ते त्यांच्याविषयी बोलले, त्या दिवसांत जेव्हा ऐकणाऱ्यांचे मन दुसरीकडे होते.

'विसुद्धिमग्ग'ची नागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० सालीच काढली होती. हार्वर्डची रोमन आवृत्ती १९५०मध्ये निघाली, कोसंबींच्या पश्चात तीन वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव आहे ते १८९९मध्ये वारलेल्या वॉरन यांचे. धर्मानंद कोसंबी तेथे संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून, दुसऱ्या ओळीत आहेत.