स्वस्त प्रोसेसरांची कुळकथा

बाजारांत स्वस्त माल दोन रीतींनीं निर्माण होतो. एक, आरंभापासूनच हलकें सूत घेऊन जाडेंभरडें कापड विणावयाचें. आणि दुसरी, उत्तम तलम ठाण विणून मग त्याचा कांठ कातरावयाचा व तें कमी दरानें विकावयाचें. ही दुसरी रीत ऐकणारास वेडगळपणाची वाटेल. चांगलें ठाण हातीं असतां तें बिघडविण्याचे श्रम कोण घेईल? परंतु घरोघरच्या संगणकांत जी नखाएवढी सिलिकॉनची चकती सर्व आंकडेमोड करते, त्या प्रोसेसरच्या व्यापारांत ही कातरकामाची रीतच गेलीं तीस-पस्तीस वर्षें रूढ आहे. मुलांच्या अभ्यासाकरितां, घरच्या हिशेबाकरितां आणि, लपवावें कशाला, खेळाकरितांहि एकच यंत्र घेणाऱ्या कुटुंबाचे पैसे कोठें सार्थकीं लागतात व कोठें वायां जातात, हें या कातरकामाच्या इतिहासावरून जितकें कळतें तितकें दुकानांतील फलकावरून कळत नाहीं.

१९८९ सालीं अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें ४८६ नांवाचा प्रोसेसर काढला. पूर्णांकांचें गणित करणाऱ्या भागाशेजारींच दशांश-अपूर्णांकांचें गणित झपाट्यानें करणारा एक विभाग त्यांत बसविलेला होता. तोंवर या कामासाठीं निराळी चिप विकत घ्यावी लागे. दोनच वर्षांनीं, १९९१ मध्यें, कंपनीनें ४८६-एसएक्स हा त्याचा स्वस्त भाऊ बाजारांत आणला. पहिल्या एसएक्समध्यें तो गणित-विभाग जागच्या जागीं होता. केवळ त्याचें तोंड बंद केलेलें होतें. पुढें ज्यास त्याची गरज भासेल त्यानें ४८७ नांवाची दुसरी चिप शेजारच्या खोबणींत बसवावी, अशी योजना होती. ही ४८७ म्हणजे वस्तुतः संपूर्ण ४८६ प्रोसेसरच होय. ती बसतांच जुन्या एसएक्सला झोंपवून सर्व कारभार आपल्या हातीं घेई. हातचें राखून विकणें म्हणतात तें हेंच.

तथापि त्या काळच्या गिऱ्हाइकाचें यांत फारसें नुकसान झालें नाहीं. पत्रें लिहिणें आणि हिशेब ठेवणें यांस पूर्णांकांचें गणित बहुतेक पुरे. इतकेंच नव्हे, तर डिसेंबर १९९३ मध्यें टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या मंडळींनीं 'डूम' नांवाचा जो खेळ काढून तरुणांस वेड लाविलें, त्याचें सर्व गणित पूर्णांकांतच बसविलेलें होतें. त्यामुळें पूर्ण ४८६ घेणारा धनिक आणि एसएक्स घेणारा कारकून हे या खेळांत जवळजवळ एका पंक्तीस बसले.

ही पंगत मोडली ती जून १९९६ मध्यें. त्याच मंडळींचा 'क्वेक' हा खेळ आला. त्यांतील भिंती व प्राणी खऱ्याखुऱ्या तीन परिमाणांत रचलेले होते, आणि त्यांवरील चित्रें दृष्टीच्या नियमांनुसार लहानमोठीं दाखवावयाचीं तर भागाकारांस अंत नव्हता. जॉन कारमॅक व मायकेल अब्राश या दोघांनीं यावर फार सुंदर युक्ति योजिली. पडद्यावरील दर १६ बिंदूंमागें एकच खरा भागाकार करावयाचा, आणि पेंटियमचा दशांश-विभाग तो भागाकार करीत असतांच पूर्णांक-विभागानें मागच्या १६ बिंदूंचें रंगकाम उरकून घ्यावयाचें. एका हातानें पोळी लाटावी आणि तव्यावरची दुसऱ्या हातानें परतावी, तसा हा प्रकार. मात्र ज्या प्रोसेसरांत हे दोन हात अशा रीतीनें एकमेकांस साथ देत नसत, त्यांची येथें त्रेधा उडाली.

त्यांत सायरिक्स कंपनीचा ६x८६ हा प्रमुख होता. त्याच्या एका आवृत्तीचें नांव पी१६६+ असें असून प्रत्यक्ष वेग मात्र १३३ मेगाहर्ट्झ इतकाच होता; आमचा माल १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा आहे, हें सुचविण्यासाठीं तो आंकडा नांवांत घातलेला. कचेरीच्या कामांत हा दावा अगदीं खरा होता. 'क्वेक'मध्यें मात्र तोच प्रोसेसर पुष्कळ मागें पडे. सायरिक्सनें लबाडी केली असें कित्येक जण त्या वेळीं म्हणत. मला तें म्हणणें अन्यायाचें वाटतें. एकाच आंकड्यानें दोन निराळ्या कामांची ग्वाही देतां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

आतां, श्रोतेहो, १९९८ या सालाकडे वळूं, कारण या कुळकथेंतील सर्वांत रसभरित प्रकरण त्या एका वर्षांत घडलें. इंटेलचा पेंटियम-२ हा तेव्हां थोरला प्रोसेसर होता, आणि हजार डॉलरांहून कमी किंमतीच्या संगणकांची बाजारपेठ झपाट्यानें वाढून ती एएमडी व सायरिक्स यांच्या हातीं जाऊं लागली होती. तेथें उतरावें तर आपल्याच महाग मालाचा खप घटणार, न उतरावें तर प्रतिस्पर्धी शिरजोर होणार, अशा पेंचांत सांपडलेल्या इंटेलनें एप्रिलमध्यें २६६ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन आणला. कातर कोठें चालविली होती? कॅश मेमरीवर. प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती मुख्य मेमरींतून दर वेळीं आणावी लागूं नये म्हणून ती जेथें हाताशीं ठेवतात, ती कॅश मेमरी. मोहरी-हळदीसाठीं घटकोघटकीं माळ्यावरची बरणी काढावी लागूं नये म्हणून चुलीशेजारीं मिसळणाचा डबा असतो, तसेंच हें. पेंटियम-२ ची ५१२ किलोबाइटांची दुय्यम कॅश निराळ्या चिपांत होती. सेलेरॉनमधून त्या चिपा साफ काढून टाकल्या. म्हणजे गृहिणीचा मिसळणाचा डबाच उचलून नेला.

परिणाम मोठा चमत्कारिक झाला. ज्या घरगुती व कचेरीच्या कामासाठीं हा स्वस्त प्रोसेसर काढला, त्याच कामांत तो अडखळूं लागला. उलट खेळांत त्याची कामगिरी बरी होती, कारण त्या वेळच्या खेळांचा मुख्य भार दशांश-गणितावर पडे आणि तो गणित-विभाग थोरल्या भावाचाच होता. मे महिन्यांत आलेल्या एएमडीच्या के६-२ ची गत नेमकी याच्या उलट. नित्याच्या कामांत तो चलाख, पण दशांश-गणितांत उणा. ती उणीव भरून काढण्यासाठीं 'थ्री-डी-नाऊ' या नांवानें २१ नव्या आज्ञा त्यांत घातल्या होत्या. परंतु खेळ लिहिणारानें त्या आज्ञा वापरल्या तरच त्यांचा उपयोग. पहिल्या सेलेरॉनविषयीं माझें मत कठोर आहे. स्वस्त वस्तु घेणारास आंतलें काय काढून घेतलें आहे याची कल्पना सहसा सर्वांत कमी असते, आणि त्याच्याच नित्याच्या गरजेवर ही कातर चालविली गेली.

या चुकीची दुरुस्ती करतांना इंटेलचा हात दुसऱ्या बाजूस इतका सैल सुटला, कीं त्याची कथा हौशी लोक अद्याप सांगतात. २४ ऑगस्ट १९९८ रोजीं ३००-ए हा नवा सेलेरॉन आला. त्यांत १२८ किलोबाइटांचीच कॅश होती, परंतु ती प्रोसेसरच्या चकतीवरच कोरलेली आणि त्याच्याच पूर्ण वेगानें चालणारी. पेंटियम-२ ची कॅश चौपट मोठी, पण अर्ध्या वेगाची. डबा लहान झाला, पण अगदीं हाताखालीं आला. शिवाय मदरबोर्डावरील मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला कीं हा ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धांवूं लागे, आणि पुष्कळ नग त्या वेगास बिनतक्रार टिकत. त्याच दिवशीं निघालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ ची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती. ३००-ए ची १४९. खेळांत या दोहोंतील अंतर ओळखूं येणें कठीण. धाकट्यानें थोरल्याच्या मांडीला मांडी लावून बसावें, असा प्रसंग या धंद्यांत क्वचितच आला असेल.

पुढील दहा-पंधरा वर्षांचा वृत्तांत लांबविण्याचें कारण नाहीं. २००० सालचा एएमडीचा ड्यूरॉन हा प्रामाणिक माल होता. पेंटियम-४ च्या वंशांतील प्रारंभींचे सेलेरॉन पुन्हा कॅशच्या दुष्काळानें पीडलेले होते. मग एका चकतीवर अनेक कोअर बसूं लागले, आणि कातर आतां कोअरांच्या संख्येवर चालूं लागली.

तिचा घाव २०१४ मध्यें उघड झाला. त्या वर्षीं इंटेलनें जी३२५८ हा दोन कोअरांचा पेंटियम ७२ डॉलरांस काढला. त्याचा वेग हवा तसा वाढवितां येई, म्हणून ३००-ए च्या आठवणी काढून लोकांनीं त्याचें कौतुक केलें. पण त्याच नोव्हेंबरांतील 'फार क्राय ४' हा खेळ निव्वळ दोन कोअरांच्या यंत्रावर सुरूच होईना. याचें मूळ २०१३ मध्यें निघालेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या खेळयंत्रांत आहे. त्यांत आठ-आठ कोअर होते, आणि खेळ लिहिणारे साहजिकच काम पुष्कळ हातांत वांटून देऊं लागले होते. कितीहि तडफेचे असले तरी दोन हात म्हणजे दोनच. जानेवारी २०१७ मध्यें आलेल्या ६४ डॉलरांच्या जी४५६० मध्यें कोअर दोनच होते, परंतु प्रत्येक कोअर कामाचे दोन धागे चालवी. एका स्वयंपाक्यानें दोन चुली सांभाळाव्या तसें. तेवढ्यानें तो ११७ डॉलरांच्या आय३-७१०० च्या अगदीं निकट गेला. मार्चमध्यें एएमडीचे रायझेन आले, आणि ऑक्टोबरांत इंटेलला त्याच ११७ डॉलरांत चार खरे कोअर असलेला आय३-८१०० द्यावा लागला. स्पर्धा नसती तर ही उदारता सुचली असती, असें मला वाटत नाहीं.

कोअर मोजून निर्णय करावा म्हणणारासहि २०२० च्या मे महिन्यानें कोड्यांत पाडलें. एएमडीचे रायझेन ३-३१०० आणि ३३००-एक्स हे दोन प्रोसेसर ९९ व १२० डॉलरांस आले. दोहोंत चार कोअर, आठ धागे आणि १६ मेगाबाइट कॅश. तरीहि खेळांत ३३००-एक्स स्पष्टपणें पुढें. त्याचा वेग थोडा अधिक होता हें खरें. पण मुख्य भेद घराच्या रचनेंत होता. त्याचे चारहि कोअर एकाच दालनांत बसून सर्व कॅश वापरीत. ३१०० मध्यें दोन-दोन कोअर दोन दालनांत विभागलेले, कॅशहि आठ-आठ मेगाबाइटांत वांटलेली, आणि एका दालनांतून दुसऱ्यास निरोप धाडण्यांत वेळ जाई. खेळास तो उशीर खपत नाहीं. पत्र लिहिणाऱ्यास, व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास तो कळतहि नाहीं. त्यांस ते २१ डॉलर एसएसडीसाठीं राखून ठेवणें अधिक फायद्याचें होतें, कारण जुनी फिरती डिस्क असलेल्या यंत्राचा सुस्तपणा कोणताहि प्रोसेसर बदलून जात नाहीं.

जानेवारी २०२२ मधील आय३-१२१०० हा चार कोअरांचा प्रोसेसर १२२ डॉलरांस, आणि तोच, नांवापुढें 'एफ' हें अक्षर लावून, ९७ डॉलरांस निघाला. या एका अक्षराचा अर्थ असा कीं पडद्यावर चित्र उमटविणारा विभाग बंद करून ठेवला आहे. खेळाकरितां स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेणाराचे यांत २५ डॉलर वांचतात आणि त्याचें कांहींहि जात नाहीं. परंतु केवळ अभ्यास व हिशेब यांकरितां संगणक जुळविणाऱ्या घरीं स्वस्त म्हणून तोच आणला, तर पडदा काळाच राहतो, आणि वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम त्या कार्डापायीं मोजावी लागते.