फरास आणि गालिचा : जतनाच्या इतिहासाविषयी एक टिपण

गालिच्यांच्या इतिहासात विणकर, नमुने व आश्रयदाते यांची चर्चा विस्ताराने आढळते. विणलेली वस्तू ज्याने राखली त्या सेवकाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. हा सेवक म्हणजे फरास. अंथरण्याचा अर्थ दर्शविणाऱ्या अरबी धातूपासून 'फर्श' व 'फर्राश' हे शब्द सिद्ध झाले. मराठीतील 'फरशी'ही त्याच कुळातली.

अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त फरासखान्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सुमारे २० गज लांब व साडेसहा गज रुंद अशा एका अखंड गालिच्यास १८१० रुपये खर्च आला व जाणकारांनी त्याचे मोल २७१५ रुपये ठरविले, असे तो नमूद करतो. शाही तळाच्या वर्णनात १५० झाडूवाल्यांच्या जोडीला १००० फरासांची गणना आहे. सभासदाच्या बखरीतील अठरा कारखान्यांतही फरासखाना आहेच. अंथरूण-तंबूंची निगा हे राज्यव्यवस्थेचे एक नियमित अंग होते, हे यावरून स्पष्ट होते.

या व्यवस्थेची आवश्यकता वस्तूच्या गुणधर्मांतच आहे. लोकरीतील केराटिन हे कसरीच्या अळ्यांचे खाद्य असून त्यांना काळोख व निश्चलता मानवते. म्हणून गालिचा वेळोवेळी हलविणे व झटकणे हाच पहिला उपाय. पायांबरोबर आलेली वाळू लवेच्या मुळाशी बसून तंतू झिजविते. तीव्र क्षाराने लोकर दुबळी होते, ओल राहिल्यास सुती ताणा कुजतो आणि दीर्घकाळ उन्हात राहिल्यास रंग विटतात. सारांश, ऊन, पाणी व हाताचा जोर या तिन्हींचे प्रमाण सांभाळण्यातच जतनाचे कौशल्य आहे.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. जे गालिचे नित्य पायदळी आले ते बहुतांशी नष्ट झाले. जे उरले ते कमी वापरलेले किंवा विशेष निगेने राखलेले होत, असे मानणेच सयुक्तिक. तेव्हा केवळ अवशेषांवरून त्या काळच्या सर्वसामान्य अंथरुणांचे अनुमान करणे धोक्याचे आहे. अवशेषांची संख्या विणकामाइतकीच निगेचीही साक्ष देते.

पुण्यात 'फरासखाना' हे नाव आज एका पोलीस ठाण्यापुरते उरले आहे. स्थळनाम टिकले, परंतु ज्यांच्या श्रमांवर ते उभे राहिले त्यांची नावे शोधण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.