दोनशे तास आणि अलास्काचे आकाश

(दीर्घ धागा)

१/ नव्याने विमान उडवायला शिकलेल्या तरुणापुढे एक जुनेच कोडे उभे असते. काम मिळण्यासाठी उड्डाणाचे तास हवेत, आणि काम मिळाल्याखेरीज तास साठत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हे कोडे हजारो तरुणांना पडले. त्यांतल्या काहींना त्याचे उत्तर नकाशाच्या अगदी टोकाला, अलास्कात सापडले. त्या उत्तराची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली, याचा हा धागा.

२/ महायुद्ध १९१८ मध्ये संपले. सैन्याने शिकवलेले वैमानिक घरी परतले आणि सैन्याला नकोशी झालेली 'जेनी' विमाने स्वस्तात विक्रीला निघाली. प्रवासी वाहतूक मात्र जवळजवळ अस्तित्वात नव्हती. उरले ते जत्रेतले उडणे. गावाबाहेरच्या कुरणात उतरायचे, पैसे घेऊन लोकांना आकाशातून फिरवून आणायचे आणि संध्याकाळी त्याच विमानाच्या पंखाखाली झोपायचे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स लिंडबर्गची सुरुवातही अशीच आहे. १९२२ मध्ये नेब्रास्कात तो काही तास शिकला, पण विमान मोडल्यास भरपाई म्हणून ठेवायची अनामत त्याच्यापाशी नव्हती. त्यामुळे त्याला एकट्याने उडू दिले नाही. मग तो जत्रेतल्या विमानांच्या पंखांवर चालण्याचे आणि हवाई छत्रीने उड्या मारण्याचे खेळ करू लागला.

३/ कार्ल बेन आयलसन हा त्याच पिढीतला. जन्म १८९७, नॉर्थ डकोटातील हॅटन या लहानशा गावी. युद्धकाळात सैन्याच्या विमानदलात तो शिकला, पण रणभूमीवर जाण्यापूर्वीच युद्ध संपले. गावी परतून त्याने मित्रांच्या साहाय्याने जत्रेतले उडणे करून पाहिले. वडिलांना ते रुचले नाही, म्हणून वॉशिंग्टनला कायदा शिकण्यास गेला. तेथे पोटासाठी संसद भवनात पहारेकऱ्याचे काम करताना अलास्काचे प्रतिनिधी डॅन सदरलँड यांच्याशी त्याची ओळख झाली. त्यांच्या सांगण्यावरून १९२२ मध्ये तो फेअरबँक्सला पोहोचला. कशासाठी? शाळेत मुलांना शिकवण्यासाठी!

४/ फेअरबँक्स हे सोन्याच्या खाणींवर वसलेले गाव. तेथवर रेल्वे नुकतीच येऊ लागली होती. त्यापलीकडे नद्या, दलदल आणि बर्फ. हिवाळ्यात टपाल, औषध, माणसे, सारे काही कुत्र्यांच्या गाड्यांवर. मॅग्राथ ही खाणकामगारांची वस्ती सरळ रेषेत तीनशे मैलांच्या आत, पण गाडीने तेथे जाण्यास अठरा ते वीस दिवस लागत. शाळामास्तर आयलसनच्या डोक्यात हे अंतर सतत घोळत राहिले असणार. त्याने गावातल्या व्यापाऱ्यांच्या मागे लकडा लावला. वर्तमानपत्राचे संपादक थॉम्प्सन आणि बँकर वुड यांना त्याने पटवले, आणि एक जुनी जेनी खोक्यांत भरून आली.

५/ जुलै १९२३ मध्ये ती जोडून उडवण्यात आली. धावपट्टी म्हणजे गावचे बेसबॉलचे मैदान. पहिल्या प्रवासात आयलसनने निनाना गाव गाठले ते खालच्या रेल्वेच्या रुळांचा माग धरून. नकाशे भरवशाचे नव्हते, हवामानाची वार्ता देणारे कोणी नव्हते. नद्या आणि रूळ हीच वाटचिन्हे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अलास्काने त्याला नोकरी दिली नाही. जे काम अस्तित्वातच नव्हते ते त्याने गावाकडून निर्माण करवून घेतले. दूरच्या प्रदेशात नवख्याला संधी मिळते ती बहुधा अशीच, दुसरा कोणी उमेदवार नसतो म्हणून.

६/ मग त्याने टपाल खात्याचा पिच्छा पुरवला. खात्याने प्रयोग म्हणून दहा फेऱ्यांचा करार दिला आणि त्यासाठी एक 'डी हॅविलँड' विमानही पाठवले. दर मैलाला दोन डॉलर. कुत्र्यांच्या गाडीला याच्या दुपटीहून अधिक पडत असे.

७/ २१ फेब्रुवारी १९२४. आयलसन टपालाच्या थैल्या घेऊन उडाला आणि तीन तासांच्या आत मॅग्राथला उतरला. वीस दिवसांचा रस्ता तीन तासांत! परतीच्या वाटेवर मात्र अंधाराने गाठले. गावकऱ्यांनी मैदानात मोठी शेकोटी पेटवली, तिच्या उजेडाच्या रोखाने तो उतरला आणि उतरताना विमानाची मोडतोड झाली. त्यानंतरच्या फेऱ्यांतही अपघात होत राहिले. आठव्या फेरीनंतर खात्याने करार गुंडाळला व विमान परत मागवले. कारण सरळ होते: विमानाला उतरायला जागा नव्हती, दुरुस्तीची सोय नव्हती, आणि हे विमान त्या बर्फासाठी बनलेलेच नव्हते.

८/ त्या थंडीची कल्पना येण्यासाठी एवढे पुरे. हिवाळ्यात तेथे पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. (हा एकच आकडा असा, की तेथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट सारखेच.) वैमानिक उतरल्याबरोबर इंजिनातले तेल डब्यात काढून घेई आणि झोपायच्या खोलीत शेगडीजवळ ठेवी. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून खाली शेगडी पेटवायची, तेल पुन्हा गरम करून ओतायचे, मग कुठे पंखा फिरवायचा. बसण्याची जागा उघडी. चाकांच्या जागी घसरपट्ट्या. विमान चालवणे हा या साऱ्या दिवसाचा सगळ्यांत छोटा भाग होता, असे म्हणायला हरकत नाही.

९/ त्याच वर्षी दुसरा तरुण आला. नोएल वीन, जन्म १८९९, मिनेसोटाच्या उत्तरेकडील शेतकरी घरातला. १९२१ मध्ये शिकला, जत्रांमध्ये उडला, आणि पुढे काय हा प्रश्न त्याच्यापुढेही होताच. जिमी रोडबॉ हा अलास्का रेल्वेतला कंडक्टर. त्याने विमान कंपनी काढली होती आणि तो वैमानिकाच्या शोधात होता. वीनने होकार दिला. ६ जुलै १९२४ रोजी मेकॅनिकला सोबत घेऊन त्याने अँकरेज ते फेअरबँक्स हे पहिले उड्डाण केले. जंगलातल्या वणव्यांच्या धुरातून रूळ हरवू नयेत म्हणून त्याला फार खालून उडावे लागले.

१०/ पुढच्या वर्षी वीन उत्तर ध्रुववृत्त ओलांडून वाइजमनला गेला. एका परतीच्या प्रवासात इंधन संपले, विमान नदीकाठच्या वाळूवर उतरवावे लागले आणि दलदलीतून, नद्या ओलांडत, कित्येक दिवस पायी चालून तो माणसांत परतला. त्या काळी अलास्कात वैमानिकाच्या सामानात झोपायची पिशवी, कुऱ्हाड, शिधा आणि बर्फावर चालण्याची पादत्राणे असत. नवख्याने हवेतले तास मोजावेत, पण तेथे जमिनीवर तगून राहण्याचे कौशल्यही तितकेच मोजले जाई.

११/ आता या साऱ्या कथेतला कळीचा प्रसंग. जानेवारी १९२५. बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावात घटसर्पाची साथ पसरली. लस दूर अँकरेजला. ती रेल्वेने निनानापर्यंत येणार. पुढे ६७४ मैल बर्फ. नोमचे महापौर म्हणाले, विमान पाठवा. फेअरबँक्सचे थॉम्प्सन म्हणाले, विमान पाठवा. विमाने होती, पण हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. आणि आयलसन व वीन हे दोघेही तेव्हा अलास्काबाहेर होते.

१२/ उरला एक जण, रॉय डार्लिंग, सरकारी नोकरीतला. उडणे त्याला येत होते, पण सराव थोडा आणि अशा हिवाळ्यातला अनुभव नव्हता. तो जायला तयार होता. निर्णय गव्हर्नर स्कॉट बोन यांच्या हाती होता. एका बाजूला मरू घातलेली मुले, दुसऱ्या बाजूला हाताशी असलेला लसीचा एकमेव साठा आणि थोड्या तासांचा वैमानिक. बोन यांनी विमान नाकारले व कुत्र्यांच्या गाड्या निवडल्या.

१३/ वीस हाकणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने ती लस १२७ तासांहून थोड्या अधिक वेळात नोमला पोहोचवली. २ फेब्रुवारीला शेवटची गाडी गावात शिरली. त्यांतले बहुतेक हाकणारे अलास्काचे मूळ रहिवासी होते, ही गोष्ट पुतळे उभारताना सोयीस्करपणे विसरली गेली. दुसऱ्या साठ्यासाठी विमानाचा प्रयत्न झाला, तेव्हा इंजिन नीट चाललेच नाही. बोन यांच्यावर त्या वेळी टीका झाली, भित्रेपणाचे शब्द वापरले गेले. पण धाडसाची कौतुके करणाऱ्या इतिहासात हा नकार फार मोलाचा वाटतो. वैमानिक स्वतःचा जीव पणाला लावू शकतो. लसीची पेटी गेली असती तर ती गावाची गेली असती.

१४/ १९२६ मध्ये अमेरिकेने पहिला हवाई वाहतूक कायदा केला आणि त्याखालील नियमांनी परवान्यांच्या पायऱ्या ठरवल्या. सर्वांत वरचा वाहतूक परवाना हवा असेल तर एकट्याने उडवलेले दोनशे तास. कोडे आता कागदावर उतरले. मात्र कायदा वॉशिंग्टनमध्ये होता आणि अलास्का फार दूर.

१५/ हे 'दूर' किती दूर, ते हॅरल्ड गिलम दाखवतो. नौदलात पाणबुड्या होता, मग अलास्कात रस्त्यांच्या कामावर यंत्रे चालवू लागला, आणि उडायला शिकण्याच्या वेडाने झपाटला. १९२८ मध्ये शिकतानाच विमान कोसळले. त्याचे शिक्षक ठार झाले, गिलम जखमी होऊन वाचला. आणि बरा होताच पुन्हा उडू लागला.

१६/ ९ नोव्हेंबर १९२९. आयलसन तोवर कीर्तीच्या शिखरावर होता. १९२८ मध्ये त्याने ह्यूबर्ट विल्किन्ससह पॉइंट बॅरोहून ध्रुवीय समुद्र ओलांडून स्पिट्सबर्गेनपर्यंत मजल मारली होती. आता सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेल्या 'नानुक' जहाजावरची माणसे व लोकरी कातडी आणण्याचे मोठ्या रकमेचे काम त्याने घेतले होते. त्या दिवशी तो मेकॅनिक अर्ल बोरलँडसह वादळात शिरला आणि परतला नाही.

१७/ शोध घेण्यासाठी उघड्या आसनांच्या दोन विमानांतून दोघे निघाले. एक जो क्रॉसन, मुरलेला वैमानिक. दुसरा गिलम. त्याच्यापाशी परवाना नव्हता आणि एकट्याने उडवलेले तास मोजकेच होते. ध्रुवीय रात्रीच्या त्या अंधुक उजेडात बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून तो जहाजापर्यंत पोहोचला. जानेवारी १९३० च्या अखेरीस दोघांना बर्फातून वर आलेला पंखा दिसला. आयलसन आणि बोरलँड त्या आघातातच गेले होते.

१८/ परवाना नसलेला गिलम त्या मोहिमेनंतर नामांकित झाला. पुढे त्याने स्वतःची सेवा काढली, इतर वैमानिक शेगडीपाशी बसून राहत तेव्हा तो उडे, आणि कुस्कोक्विम खोऱ्यातले टपाल वेळेवर पोहोचवण्याबद्दल त्याचे नाव झाले. येथे एक सावधगिरी हवी. गिलमकडे पाहून 'नियम कशाला?' असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच्यासारखे सुरू करून लवकर गेलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

१९/ नोएलचा भाऊ राल्फ वीन मेकॅनिक म्हणून अलास्कात आला, भावाकडूनच उडायला शिकला आणि वैमानिक झाला. ऑक्टोबर १९३० मध्ये कोट्झेब्यू येथे मिशनचे नवे विमान चालवताना तो कोसळला. सोबतचे दोन पाद्रीही गेले.

२०/ बदल सगळ्यांनाच हवा होता असेही नाही. टपालाची गाडी हाकणारे आणि वाटेवरच्या खाणावळी चालवणारे यांचे पोट त्या वीस दिवसांच्या प्रवासावर होते. विमान तीन तासांत पोहोचले की मधल्या मुक्कामांची गरजच संपे. एकेक करून त्या खाणावळी बंद पडत गेल्या.

२१/ गिलमचा शेवट ५ जानेवारी १९४३ चा. सिॲटलहून उत्तरेकडे येताना खराब हवामानात त्याचे विमान केचिकानजवळच्या डोंगरात आदळले. सहा जणांपैकी एक तरुणी दोन दिवसांत वारली. काही दिवसांनी गिलम मदत आणण्यासाठी एकटाच चालत निघाला. उरलेले चौघे सुमारे महिनाभराने सापडले. गिलमचा देह किनाऱ्यापाशी मिळाला.

२२/ नोएल वीन मात्र म्हातारा झाला. त्याची कंपनी त्याच्या पश्चातही काही वर्षे टिकली. तो १९७७ मध्ये वारला. ज्या बेसबॉलच्या मैदानावरून आयलसनची जेनी उडाली होती, त्या जुन्या विमानतळाच्या जागेवर आज फेअरबँक्सचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याला वीनचेच नाव दिलेले आहे.

(समाप्त)