अथाल परिसर : मृदाजनन व मृदाजीवाणू

दादरा व नगर हवेलीत सिल्वासा शहरालगत दमणगंगेच्या काठी अथाल हे गाव आहे. नदीकाठची गाळजमीन, सखल भातखाचरे, चढावरची वरकस जमीन आणि त्यापलीकडे पूर्वेला सह्याद्रीकडे चढत जाणाऱ्या टेकड्या अशी या परिसराची रचना आहे. खडक आणि पाऊस बहुतांशी सारखेच असूनही थोड्या अंतरात माती बदलते, कारण पडलेले पाणी कुठे वाहून जाते आणि कुठे मुरून राहते हे उतार ठरवतो. मातीतील जीवाणूसृष्टीही त्यानुसार बदलते.

खडक व हवामान : येथील मूळ खडक दख्खनच्या लाव्हा थरांचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्याची सरासरी 2,000 मिमी.हून अधिक आहे. मुळे व जीवाणू यांच्या श्वसनातून मातीत कार्बन डाय-ऑक्साइड साठतो. तो विरघळलेले पाणी किंचित अम्लीय होते व खडकातील फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे कुजवते. म्हणजे माती घडवण्याच्या कामात जीवाणूंचाही वाटा असतो. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी 1941 मध्ये मृदाजननाचे जे पाच घटक मांडले, त्यांत हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक व काळ यांचा समावेश आहे.

भूरूप : उतारावर पाण्याचा निचरा चांगला होतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका पाण्याबरोबर निघून जातात आणि लोहाची ऑक्साइडे मागे राहतात. त्यामुळे तेथील माती उथळ, लालसर तपकिरी, मुरमाड व काहीशी अम्लीय असते. वरून वाहत आलेली द्रव्ये सखल भागात साचतात व पाण्याने फुगणारी स्मेक्टाइट चिकणमाती बनते. ही माती खोल व काळसर असून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नदीकाठी पुराच्या गाळाचे थर असतात.

जीवाणू : मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील 98 मृदा-नमुन्यांच्या 2006 मधील अभ्यासात जीवाणूंच्या विविधतेचा सर्वांत जवळचा संबंध मातीच्या सामूशी (पीएच) आढळला. उदासीन मातीत विविधता अधिक व अम्लीय मातीत कमी होती. तापमानाशी तिचा फारसा संबंध दिसला नाही. त्यामुळे चढावरची आणि खाचरातली माती जीवाणूंच्या दृष्टीनेही वेगळी धरावी लागते.

उन्हाळ्यात बरेच जीवाणू सुप्त असतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातला मोठा भाग स्ट्रेप्टोमायसीझसारख्या जीवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनाचा असतो. माती भिजताच विघटन एकदम वाढून नायट्रोजन मोकळा होतो. पुढच्या जोरदार सरींत त्यातला बराच धुऊन जातो.

आवणीनंतर खाचरात पाणी साचले की थोड्याच दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट, मॅंगनीज व लोह वापरतात. लोह विरघळते आणि माती करडी होते. भाताचे रोप उपटून मुळे धुतली तर त्यांवर तांबूस गंजाचा लेप दिसतो. पानांतून मुळांपर्यंत उतरणारी हवा तेथे लोहाचे पुन्हा ऑक्सिडीकरण करते. खाचरातील नील-हरित जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, पी. के. डे यांनी 1939 मध्ये भारतीय भातशेतीतील त्यांचे हे कार्य दाखवून दिले.

शेती : वरकस जमिनीत नागली, वरी, उडीद व तूर घेतात. उडीद-तुरीच्या मुळांवरील गाठींत ऱ्हायझोबियम जीवाणू नायट्रोजन स्थिर करतात, म्हणून या उथळ मातीत कडधान्यांची फेरपालट मोलाची ठरते. भाताच्या रोपवाटिकेत पालापाचोळा व शेण जाळून राब भाजतात. राखेने पालाश मिळते व आम्लता घटते, उष्णतेने तणांचे बी मरते. मात्र वरच्या थरातील काही जीवाणू व सेंद्रिय द्रव्यही जळते.

जीवाणूंची सर्वाधिक वस्ती मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत असते आणि हा थर तयार व्हायला शतके लागतात. सिल्वासाभोवती कारखाने व वस्ती वाढत असताना सपाटीकरणापूर्वी तो काढून वेगळा राखला पाहिजे. शेतकऱ्यांनीही माती-परीक्षणासाठी वरकस जमीन, खाचर व नदीकाठ यांचे नमुने वेगवेगळे द्यावेत. ते एकत्र मिसळल्यास निघणारा निष्कर्ष कोणत्याच शेताला लागू पडत नाही.