स्टॅनली हॉटेलची भुते : दंतकथा आणि नोंदी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात एस्टेस पार्क नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. उंची सुमारे साडेसात हजार फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा तीन हजार फुटांनी जास्त. डेन्व्हरहून मोटारीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. गावाजवळच्या चढावर लाल छपराची, पांढऱ्या रंगाची एक लांबलचक इमारत दिसते. तेच स्टॅनली हॉटेल. मंडळातील बरीच कुटुंबे मुलांकडे अमेरिकेला जातात, रॉकी पर्वताचे राष्ट्रीय उद्यान बघतात आणि जाता-येता या हॉटेलातही डोकावतात. परत आल्यावर त्यांना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग, भूत दिसले का?"

या हॉटेलाच्या भुतांबद्दल बरेच ऐकायला मिळते. बँकेतल्या नोकरीने मला एक सवय लावली आहे. वहीत नोंद दिसली की तिचे व्हाउचर कुठे आहे ते बघायचे. या लेखात तेच केले आहे.

हॉटेल कसे उभे राहिले

हॉटेल बांधले फ्रीलन ऑस्कर स्टॅनली यांनी. जन्म १८४९, मेन राज्यातला. त्यांनी आणि त्यांच्या जुळ्या भावाने फोटोग्राफीच्या काचांच्या धंद्यात पैसा मिळवला आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारगाड्या काढल्या. 'स्टॅनली स्टीमर' या नावाने त्या गाजल्या. १९०३ साली क्षयाने ग्रासलेले स्टॅनली पत्नी फ्लोरा यांच्यासह हवापालटासाठी डोंगरात आले. प्रकृती सुधारली आणि १९४० पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदी पलीकडे, ते जगले. ज्या गावाने जीव वाचवला तिथेच त्यांनी १९०९ मध्ये हे हॉटेल सुरू केले. त्यासाठी जवळच्या नदीवर वीजनिर्मितीची सोयही केली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हे हॉटेल फक्त उन्हाळ्यासाठी होते. हिवाळ्यात खोल्या गरम ठेवण्याची व्यवस्था नव्हती. बर्फ पडू लागले की दारे बंद व्हायची आणि एवढी मोठी इमारत कित्येक महिने रिकामी राहायची. पुढच्या कथेचे मूळ इथेच आहे.

सांगितली जाणारी भुते

रात्री संगीताच्या दालनात पियानो वाजतो, तो फ्लोराबाई वाजवतात असे सांगतात. स्वतः स्टॅनली बिलियर्डच्या खोलीत किंवा स्वागतकक्षात दिसतात. चौथ्या मजल्यावर मुलांच्या हसण्या-धावण्याचे आवाज येतात. पूर्वी तिथे नोकरवर्ग आणि मुले सांभाळणाऱ्या दाया राहत असत. ४०१ क्रमांकाच्या खोलीत लॉर्ड डनरेव्हन यांचा वावर असतो. आणि २१७ क्रमांकाच्या खोलीत एक जुनी मोलकरीण येते, पाहुण्यांचे सामान उलगडून नीट लावून ठेवते. लग्न न झालेले जोडपे खोलीत असेल तर दोघांच्या मधे गार वारा शिरतो म्हणे. शिस्त कडक दिसते!

पडताळणी

पहिली नोंद डनरेव्हन यांची. हे आयर्लंडचे उमराव १८७२ मध्ये शिकारीसाठी इथे आले. दुसऱ्यांच्या नावावर खोटे दावे करवून त्यांनी या खोऱ्यातली हजारो एकर जमीन बळकावली. स्थानिक वसाहतकऱ्यांशी खटके उडाले आणि १८८० च्या दशकात ते निघून गेले. पुढे त्यांच्याकडची जमीन स्टॅनली यांच्याकडे आली. म्हणजे हॉटेल उभे राहण्याच्या कितीतरी आधी त्यांनी गाव सोडले होते, आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले ते लंडनला. ज्या खोलीत माणूस कधी झोपलाच नाही तिथे त्याचे भूत कसे? ही नोंद तारखेतच अडकते.

दुसरी नोंद आवाजांची. इमारतीत लाकूडकाम भरपूर आहे. एवढ्या उंचीवर दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. लाकूड फुगते, आकसते, करकरते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी समजूत अशी की हॉटेलाखालचा चुनखडीचा दगड जुन्या घटना 'साठवून' ठेवतो. या डोंगरांतला खडक मुख्यतः ग्रॅनाइट आणि शिस्ट जातीचा आहे, आणि कोणताही खडक आठवणी साठवत असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही.

खोली २१७ : खरी घडलेली घटना

जिचे व्हाउचर सापडते अशी नोंद एकच. जून १९११ मध्ये या भागात स्फोट झाला. हॉटेलात वीज होती, पण ती गेल्यास अडचण नको म्हणून ॲसिटिलीन गॅसच्या दिव्यांचीही सोय केली होती. गॅस गळत होता. मोलकरीण ज्योत घेऊन खोलीत शिरली आणि भडका उडाला. जमीन फुटून ती खालच्या मजल्यावर कोसळली. तिचे घोटे मोडले असे सांगतात. इमारतीचा बराच भाग उद्ध्वस्त झाला, पण प्राणहानी झाली नाही. ती बाई वाचली.

आपल्याकडे मुंजा असो की समंध, भूत व्हायला आधी मरावे लागते आणि मागे काहीतरी वासना उरावी लागते. इथे बाई मेलीच नाही. उलट बरी होऊन ती पुन्हा कामावर आली आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राहिली असे हॉटेलात सांगितले जाते.

एका पाहुण्याची एक रात्र

ऑक्टोबर १९७४ च्या अखेरीस लेखक स्टीफन किंग पत्नीसह इथे उतरले. हंगाम संपत आला होता, हॉटेल बंद होण्याच्या बेतात होते, दुसरे पाहुणे जवळजवळ नव्हतेच. त्यांना खोली मिळाली २१७. रात्री स्वप्न पडले : आग विझवण्याचा नळ जिवंत होऊन त्यांच्या लहान मुलाचा बोळातून पाठलाग करतो आहे. दचकून जागे झाले आणि पहाटेपर्यंत कादंबरीचा सांगाडा डोक्यात तयार झाला. ती 'द शायनिंग', १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपट १९८० मध्ये आला, पण त्यात दिसणारे हॉटेल हे नव्हे. बाहेरची दृश्ये ओरेगॉन राज्यातल्या टिंबरलाइन लॉजची आहेत. तिथल्या २१७ मध्ये पुढे कोणी उतरणार नाही या भीतीने चित्रपटात क्रमांक २३७ करण्यात आला. एस्टेस पार्कमध्ये मात्र उलट घडले. तीच खोली पाहुणे मागून घेऊ लागले. १९९७ ची दूरचित्रवाणी मालिका तर याच हॉटेलात चित्रित झाली.

भुताटकीची कीर्ती वाढली ती या कादंबरीनंतर. त्याआधी साठ-पासष्ट वर्षे हे हवा खाण्याचे एक शांत ठिकाण होते. आज रात्रीच्या सहलींची तिकिटे विकली जातात. २०१५ मध्ये अंगणात झुडपांचा भूलभुलैयाही लावला. तो मूळ कादंबरीत नाही, फक्त चित्रपटात आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला इथे गुडविलचा धडा आठवेल. ताळेबंदात जागा, इमारत, फर्निचर सगळे मोजता येते, पण धंदा ज्यावर चालतो ते कधी कधी डोळ्यांना न दिसणारे असते. सत्तरच्या दशकात रया गेलेली इमारत आज नीट उभी आहे, त्यात या न दिसणाऱ्या मालमत्तेचा वाटा मोठा आहे. म्हणून केवळ थापा म्हणून हसण्यावारीही नेऊ नये.

शेवटची नोंद

एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या मोलकरणीचे नाव हॉटेल आज एलिझाबेथ विल्सन असे सांगते. पण अपघाताच्या वेळच्या वृत्तपत्रांत तिची नावे वेगवेगळी छापली गेली. मालक कोण, नुकसान किती, हे लिहायला जागा होती. जखमी बाईचे नाव नीट विचारून घ्यावे असे मात्र वाटले नसावे. आज लोक जादा पैसे मोजून तिच्या खोलीत झोपतात आणि ती येईल म्हणून रात्रभर जागतात. जिवंतपणी तिची नोंद नीट झाली नाही, ती पुढे दंतकथेने केली.

तेव्हा कधी तिकडे जाणे झालेच तर डनरेव्हनसाहेबांना खुशाल विसरा. २१७ च्या दारापुढे मात्र क्षणभर थांबा. भुतासाठी नव्हे, कामावर असताना जखमी झालेल्या त्या बाईसाठी.